मधल्या भागाचा नारळ

आमच्या गावात एक गोष्ट अजून सांगतात. परदेशातल्या एका खेळाच्या कंपनीनं जे आजवर फुकट दिलं त्याचे पैसे मागायला सुरुवात केली, तेव्हा गावातल्या एका म्हाताऱ्यानं देवीला नारळ ठेवून बहिष्कार घातला आणि सात महिन्यांत कंपनीला नमवलं. तो म्हातारा मी. ऐकायला गोष्ट बरी आहे, पण तिच्यातला नारळ सोडला तर काही खरं नाही. कंपनी नमली नव्हती. बहिष्कार मी स्वतः तेराव्या दिवशी मोडला होता. आणि माझी थोरली बहीण मध्यंतरी त्या खेळापासून दूर झाली ती डोळ्यांमुळं, असं मी सगळीकडे सांगितलं, तेही खोटं. मी आता चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे. आयुष्यभर सरकारी कचेरीत दुसऱ्यांच्या कागदांतल्या चुका काढल्या. हा कागद माझा आहे.

आधी खेळाबद्दल सांगतो, कारण माझ्या वयाच्या वाचकांना ‘ऑनलाइन गेम’ म्हटलं की पत्त्यांचा जुगार आठवतो. हा तसला नव्हे. कॉम्प्युटरच्या पडद्यावर एक समुद्र असतो. जगभरातली माणसं आपापल्या घरी बसून त्या एकाच समुद्रात शिडाची जहाजं हाकतात, माल नेतात, वादळात सापडतात, बेटं शोधतात. एका जहाजावर तिघं-चौघं लागतात. आमच्या जहाजावर आम्ही तिघं होतो. माझी बहीण, जिला मी बाय म्हणतो, तिची नात, जी पुण्याला कॉम्प्युटरच्याच कामात आहे आणि जिनं हे खूळ आणलं, आणि मी.

सुकाणू बायकडे. त्याबद्दल कधी चर्चासुद्धा झाली नाही. आमच्या वडिलांचा मचवा होता, कौलं आणि मीठ घेऊन गोव्यापासून रत्नागिरीपर्यंत जायचा. बाईमाणसानं मचव्यावर पाय ठेवायचा नाही असा तेव्हा नेम. मला पाचव्या वर्षी वर चढवलं आणि मी ओकलो. बाय दहा वर्षांची, ती पुळणीवर उभी राहून बघत होती. पण भरती-ओहोटीचा हिशोब वडील तिलाच विचारायचे. ‘आज पाणी कधी गो?’ असं ओटीवरून ओरडायचे आणि ती चुलीपुढून उत्तर द्यायची. पुढं लग्न होऊन ती मुंबईला गेली, चाळीस वर्षं तिथं राहिली, यजमान गेल्यावर परत आली आणि माझ्या कुंपणाला लागून दोन खोल्या बांधल्या. पंचाहत्तर वर्षांच्या बाईला नातीनं हा खेळ दाखवला आणि सुकाणू हातात दिलं. आठ दिवसांत ती मला शिव्या घालायला लागली.

“शीड खेच रे मेल्या! वारो बगतंस काय पडद्यावरचो?”

आम्ही कानाला यंत्र लावून बोलायचो, पण तिची खिडकी आणि माझी खिडकी समोरासमोर. शिवी आधी खिडकीतून यायची आणि मग कानात.

आता भांडणाचं मूळ. दीड-दोन वर्षांनी कंपनी खेळाचा एक मोठा भाग काढते. नवा समुद्र, नवे देश. त्याचे चांगले दणकून पैसे घेते. आम्ही ते कुरकुर न करता भरत होतो. दोन मोठ्या भागांच्या मध्ये छोटी भर पडत राहायची, एखादं बेट, नव्या जातीचा वारा, मासे. ती फुकट. तोच करार, असं मी समजत होतो. मग एका सकाळी कंपनीनं जाहीर केलं की यापुढं मधल्या भरीचेही पैसे पडतील. पहिल्याच खेपेला एक अख्खा नवा किनारा होता. ज्यांनी पैसे भरले ते तिकडं जाऊ शकतील. ज्यांनी भरले नाहीत त्यांचं जहाज एका रेषेपाशी आपोआप मागं फिरेल.

माझं डोकं फिरलं. रक्कम फार नव्हती, हे कबूल करतो. पण देवगडची आंब्याची पेटी घ्यावी, वरचा थर खावा, गवत बाजूला सारून खालच्या थराला हात घालावा आणि बागायतदारानं दारात येऊन म्हणावं की खालच्या थराचे वेगळे, तर कसं वाटेल? हे मी नातीला फोनवर सुनावलं.

ती म्हणाली, “आजोबा, पेटी तुम्ही पूर्ण खाल्लीत की. हे पुढच्या मोसमाचे आंबे आहेत. मध्ये झाडाला खत कुणी घातलं? ती माझ्यासारखीच पोरं आहेत, महिन्याला पगार लागतो त्यांना.”

“मग मोठ्या भागाचे घेतले ते कशाचे?”

“ते मोठा भाग करायला लागले ना!”

बाय पायरीवर बसून ऐकत होती. ती म्हणाली, “नळे परतूक माणूस येता तो फुकट येता काय रे? घर तर आमच्या आजान बांधल्यान. तरी दर वरसा मजुरी दितंसच मा?”

नळे म्हणजे कौलं, पावसाआधी ती शाकारून घ्यावी लागतात. मी म्हटलं, “नळे परतल्यार घर तांच रवता गो बाय. हो माझ्याच घराक नवी खोली काढता आणि माका म्हणता, आत जावचा तर भाडां दी.”

“मग दी भाडां. खोली बरी आसली तर.”

“तत्त्वाचो प्रश्न आसा!”

“तुझ्या तत्त्वान माझा गलबत फिरतला रेषेर,” ती म्हणाली. “माका तो किनारो बगूचो आसा.”

हे वाक्य मी नीट ऐकलं होतं. विसरलो असं म्हणता येणार नाही.

पण मला तेव्हा चेव आला होता. कचेरीत असताना मी दोन-चार आंदोलनं जवळून पाहिली होती, टेबलाच्या पलीकडून. त्यातून एक शिकलो होतो: आमच्या भागात बहिष्कार घोषणेवर टिकत नाही, दुसऱ्या दिवशी कुणीतरी गुपचूप माल घेतोच. टिकतो तो देवीपुढं नारळ ठेवला तर. तेव्हा एका मंगळवारी सकाळी मी बायला घेऊन देवळात गेलो. नात फोनवर होती. तिचा चेहरा गाभाऱ्याकडे करून मी फोन धरून उभा राहिलो.

गुरवाला समजावताना माझा घाम निघाला.

“कंपनी खंयची?” त्यानं विचारलं.

“परदेशातली.”

“मग देवीच्या हद्दीत नाय ती. देवीची हद्द खाडयेच्या पुलापर्यंत. पलीकडे दुसऱ्या देवाचा राज्य.”

“कंपनीक बांधूचा नाय रे. आमका तिघांका बांध. आमी हद्दीत आसो.”

“फोनातली पण?”

“ती मूळची हद्दीतलीच.”

गुरवानं नारळ हातात घेतला आणि गाऱ्हाणं घातलं. “बा देवी माउली, आज ही तुझी तीन लेकरां तुझ्या पायाकडे उभी आसत. समुद्राचो जो काय खेळ ती खेळतत, तेच्या मधल्या भागाक धनी पैसे मागता. तो भाग पयल्यासारखो फुकट होयसर ह्यांतल्या कोणी तेका दमडी देवची नाय, असो शब्द ती तुका देतत. तो शब्द पाळून घी म्हाराजा!”

“होय म्हाराजा!” देवळात होते तेवढे सगळे ओरडले. फोनमधूनही बारीक आवाज आला. बायनं म्हटलं, पण हळू.

त्यानंतर मी कंपनीला पत्रं लिहिली. इंग्रजीत, मुद्देसूद, परिच्छेदांना आकडे घालून. प्रत्येक पत्राला दीड मिनिटात उत्तर यायचं की तुमचं मत आमच्यासाठी मोलाचं आहे. दीड मिनिटात त्यांनी माझे सहा परिच्छेद वाचले! मी लोकांचे अर्ज त्रुटी काढून परत पाठवायचो तेव्हा निदान ते वाचायचो तरी. या पत्रांमुळं मी एवढा पेटलो की पुढचं पत्र ‘आतली माहिती’ घेऊन लिहायचं ठरवलं. निदान स्वतःला मी असं सांगितलं.

तेराव्या दिवशी पेन्शनीच्या हयातीच्या दाखल्यासाठी जिल्ह्याच्या गावी, ओरोसला जायचं होतं. एसटी पुलावर आली आणि मला गुरवाचं बोलणं आठवलं. पलीकडे दुसऱ्या देवाचं राज्य. मी काही अंधश्रद्धाळू माणूस नाही. पण एकतीस वर्षं नियमांत राहिलेल्या माणसाच्या डोक्यात असलं काही शिरलं की ते पोटकलमासारखं तिथंच बसतं. दाखल्याचं काम झाल्यावर स्टँडवर चहा घेतला आणि फोनवरून, दुसऱ्याच एका खोट्या नावानं, नवं खातं उघडून मी तो मधला भाग विकत घेतला. पैसे देवीच्या हद्दीबाहेर दिले होते. घरी येताना पुलावर मी खिडकीतून बाहेर बघितलं नाही.

आणि तो किनारा! चांगला नसता तर माझी चूक निदान लहान राहिली असती. तिथं भरती-ओहोटी होती. आमच्या जुन्या समुद्रात पाणी कायम एकाच उंचीवर, जसं तलावात. इथं खाड्या होत्या, चिखल होता, पाणी उतरलं की जहाज कलंडून पडायचं आणि त्याच्या पोटावरून खेकडे चालायचे. पाणी चढेपर्यंत काही करता यायचं नाही. मी पहिल्या तीन दिवसांत अकरा वेळा रुतलो. दुपारी, बाय जेवून आडवी झाली की मी खिडकी लावून घ्यायचो आणि रुतायचो. एवढी वर्षं समुद्राकाठी काढली आणि पाणी कधी चढतं ते मला माहीत नाही! माहीत असायची गरज कधी पडली नव्हती. घरात माहीत असणारं माणूस होतं.

चौथ्या दिवशी मी तिलाच विचारायला गेलो. ती अंगणात आमसुलं वाळत घालत होती.

“बाय, भरतीचो हिशोब कसो गो? बाबा इचारीत तो.”

“तिथीचो पाऊणपट,” ती मान वर न करता म्हणाली. “चवथ आसली तर तीन वाजता पाणी पुरा. आठम आसली तर सा. थोडा पुढेमागे होता, वारो आसलो तर. तुका कित्याक व्हयो?”

“शेजारी इचारी होतो. तिसऱ्यो काढूक जातलो म्हणान.”

तिसऱ्या म्हणजे चिखलातल्या शिंपल्या. तिनं मान वर केली. “तिसऱ्यो काढूक ओहोटी लागता रे मेल्या. भरतेक गेलो तर बुडात.”

“तेका मी तांच सांगतंय,” असं म्हणून मी पळालो.

खेळातल्या समुद्रावर चंद्र होता, तो कलेकलेनं वाढायचा. मी त्याच्यावरून तिथी मोजली, पाऊणपट केली आणि पाण्याची वेळ जवळजवळ बरोबर आली. परदेशातल्या पोरांनी मांडलेल्या समुद्रावर आमच्या वडिलांचा हिशोब चालला. खाडीतून जहाज सरळ आत गेलं तेव्हा मी एकटाच खोलीत टाळी वाजवली. ती टाळी पलीकडच्या खिडकीत वाजायला हवी होती. मला हे त्याच क्षणी कळलं होतं, आणि तरी मी दुसऱ्या दिवशी परत गेलो.

त्याच दिवसांत बाय पायरीवर अडखळायला लागली. आधी एकदा, मग आठवड्यातून दोनदा. नात पुण्याहून आली आणि तिला कोल्हापूरला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. काचबिंदू निघाला. कडेची नजर गेलेली, मधली शाबूत. नळकांड्यातून बघावं तसं. औषधाचे थेंब चालू झाले. जे गेलं ते परत येणार नाही, जे आहे ते किती राहील ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाला.

परत आल्यावर चार दिवसांनी बाय कुंपणापाशी आली. तिनं माझ्याकडे काही मागितल्याचं मला फारसं आठवत नाही, म्हणून हे आठवतं.

“तेवढो भाग घेवया काय रे? गुरवाक सांगान नारळ सोडवया. कंपनी काय आयकाची नाय तुझां.”

मी काय म्हणालो ते जसंच्या तसं लिहितो. मी म्हणालो, “देवीक दिलेलो शब्द गो बाय. आपण मोडलो तर गावात त्वांड कसां दाखवूचा?”

ती म्हणाली, “बरां.” आणि गेली.

त्या दुपारीही मी गेलो होतो. मुद्दाम लिहितो, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की निदान तेवढा दिवस तरी लाज वाटली असेल. लाज वाटली होती आणि मी गेलो होतो.

सात महिन्यांनी कंपनीनं पुढचा मोठा भाग काढला आणि त्याबरोबर, जुना मधला भाग आता सर्वांना खुला, असंही जाहीर केलं. ही आमची जीत नव्हती. पहिल्या दिवशीच्या जाहीरनाम्यात अगदी शेवटी बारीक अक्षरांत लिहिलं होतं की पुढचा मोठा भाग आल्यावर हा भाग खुला होईल. मी ते वाचलं होतं. बारीक अक्षरं वाचणं हाच माझा धंदा. नारळ ठेवायच्या आधी वाचलं होतं आणि कुणाला सांगितलं नव्हतं, कारण थांबलं की मिळणार हे कळल्यावर लढा कसला?

पण गावात बातमी वेगळी पसरली. “म्हाताऱ्यान परदेशी कंपनी वाकवल्यान!” चहाच्या टपरीवर माझा चहा कुणीतरी आधीच सांगून ठेवायला लागलं. एकदा तर शाळेतल्या मास्तरांनी मुलांना माझ्याकडे बोट दाखवून ग्राहकांचे हक्क समजावले. मी नाही म्हणालो नाही. नारळ फेडायला आम्ही परत देवळात गेलो तेव्हा माणसं पहिल्या वेळेपेक्षा तिप्पट. गुरव रंगात येऊन म्हणाला, “ह्या तुझ्या लेकरांनी दिलेलो शब्द पाळल्यानी, तसोच तू तेंचो मान राखलंस म्हाराजा!”

“होय म्हाराजा!” सगळ्यात मोठा आवाज माझा होता. बाय माझ्या शेजारी, माझा दंड धरून उभी होती, पायरी दिसत नव्हती म्हणून.

त्याच दुपारी आम्ही तिघं नव्या किनाऱ्याकडे निघालो. जहाज त्या रेषेपाशी आलं आणि मागं फिरलं नाही. बाय कानात म्हणाली, “गेलो रे गेलो!” मग पुढं खाडीचं तोंड आलं. तिला पडद्याचा मधला तुकडाच दिसत होता, दोन्ही काठ दिसत नव्हते. थोड्या वेळानं ती स्वतःच म्हणाली, “सुकाणू तू घी. माका काठ गावत नाय.”

मी घेतलं. आणि मी सरळ आत शिरलो. पहिलं वळण, डावीकडचा चिखल चुकवून. दुसरं, खडकाच्या आतून. तिसऱ्याला वेग कमी करून. हात आपोआप चालत होते. नात म्हणाली, “वा, आजोबा!” बायला दिसत नव्हतं, पण ती ऐकत होती. जहाजाचा तळ चिखलाला घासला की त्या खेळात करकर असा आवाज येतो.

“एकदाय घासलंस नाय,” ती म्हणाली.

मी उगाच वेग आणखी कमी केला.

“पयल्यांदा येतंस मा तू हय?”

नात म्हणाली, “आजी, नशीब असेल.”

“तिथी इचारूक इलेलंस,” बाय म्हणाली. “आपल्या जुन्या दर्याक भरती खंय होती रे? ह्येच्यासाठी इचारलंस. माका इचारून हयसर इलंस.”

मग कानातला आवाज बंद झाला. मी वाट बघत बसलो की आता खिडकीतून तरी शिवी येईल. तिनं खिडकीही लावून घेतली होती.

दोन महिने ती माझ्याशी बोलली नाही. कुंपणावरून माशाची वाटी येणं थांबलं. विचारणाऱ्यांना मी सांगत सुटलो की डोळ्यांमुळं तिला आता खेळ जमत नाही, स्वभावही चिडचिडा झालाय. लोक च्-च् करायचे. एका आंधळ्या होत चाललेल्या बाईवर मी माझी लबाडी टाकली होती, आणि तिला शेजारून ते ऐकू जात असणार. ऐकणं शाबूत होतं तिचं.

शेवटी नातीचा फोन आला. “आजी म्हणते, ज्या तोंडानं होय म्हाराजा म्हटलंत त्याच तोंडानं तिथंच सांगा. मग बघू. आणि आजोबा, खरं सांगू? मी बारीक अक्षरं तेव्हाच वाचली होती. मला वाटलं तुम्हाला खेळ कमी आणि भांडण जास्त हवं होतं, म्हणून गप्प बसले. माझंही चुकलंच.”

मंगळवारी मी देवळात गेलो, पाच-पन्नास माणसांसमोर उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. ओरोस, स्टँड, खोटं नाव, बारीक अक्षरं. आणि लोक हसले! पोट धरून हसले. एकजण म्हणाला, “पुलापलीकडे जावन घेतलंस? मगे हो गुन्हो त्या पलीकडच्या देवाचो. थंय नारळ दी!” दुसऱ्यानं विचारलं तो किनारा कसा आहे. मी इतके महिने ज्या तोंडाची काळजी वाहिली ते तोंड कुणाला बघायचंच नव्हतं. मला संताप आला. त्यांच्यावर आला की माझ्यावर, ठरवता आलं नाही. आणि आठ दिवसांनी टपरीवर पुन्हा तीच जुनी गोष्ट: म्हाताऱ्यानं कंपनी वाकवली. खरी गोष्ट त्यांनी ऐकली, हसले आणि सोडून दिली. म्हणून हे लिहायला बसलो.

गुरव तेवढा हसला नव्हता. त्यानं नारळ ठेवला, गाऱ्हाणं घातलं आणि मग हळूच म्हणाला, “देवीचा जावंदे, ती बगीत. बायचा काय?”

तसाच बायकडे गेलो. ती ओटीवर बसली होती.

“हसले म्हणे,” ती म्हणाली.

“हसले.”

“माका हसूक येवक व्हया असा वाटता तुका?”

“नाय.”

“किती दिस गेलंस थंय?”

“रोज. दुपारी.”

“मी न्हिजतंय तेवा.”

“होय.”

मग तिनं विचारलं, “तो किनारो पयल्या दिसा कसो दिसलो?” मी सांगायला लागलो आणि तिनं मध्येच थांबवलं. “असो नको. हय बसान सांगू नको. थंय जावन सांग. कॉम्प्युटर लाव.”

आता कंपनीनं परत एक मधला भाग काढलाय. परत पैसे, परत रेष. मला विचाराल तर अजून मला ते पटत नाही. नळे परतणाऱ्याला मजुरी द्यावी हे बायचं म्हणणं मी मान्य केलंय. फुकट राबावं असं कुणी कुणाला म्हणू नये. पण किनाऱ्यावरून ओढायच्या रापणीच्या जाळ्याला ज्याचा हात लागला त्याला वाटा मिळतो, जाळं कुणाचंही असो. तसं एका जहाजावरच्या एकानं पैसे भरले तर त्या जहाजावरचे सगळे पलीकडे जाऊ द्या. हवे तर दर वाढवा. एकाच होडीतल्या माणसांमध्ये रेष ओढू नका. हे मी कंपनीला पत्रात कळवलं. दीड मिनिटात उत्तर आलं की माझं मत मोलाचं आहे.

बायला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “पत्र बरां आसा. आता पैसे भर. तिघांचे. आणि बारीक अक्षरां माका वाचून दाखय.” वाचून दाखवली. नारळाचं नाव कुणी काढलं नाही.

आता सुकाणू माझ्या हातात असतं आणि हुकूम तिचा. मी तिच्याच खोलीत, तिच्या शेजारी बसतो. कानाला यंत्र लागत नाही. मी डोळ्यांनी जे दिसतं ते सांगायचं आणि तिनं ठरवायचं. पण नव्या भागाकडे अजून आम्ही निघालेलो नाही. ती आधी जुना किनारा पुरा करून घेतेय, पहिल्या खाडीपासून, जणू आम्ही दोघंही तिथं पहिल्यांदाच जातोय. मला प्रत्येक वळण पाठ आहे. ते सांगायचं नाही असा तिचा हुकूम आहे, आणि मला ते विलक्षण जड जातं.

काल पहिल्या वळणावर तिनं चंद्र विचारला. मी सांगितला. तिनं बोटांवर मोजलं आणि म्हणाली, “पाणी उतारता. नांगर टाक.”

“बाय, उजवीकडसून वाट आसा. माका ठावक—”

“तुका ठावक आसा. माका नाय. टाक.”

नांगर टाकला. पाणी उतरलं, जहाज हळूहळू कलंडलं, करकर असा आवाज आला. नातीनं पुण्याहून विचारलं की रुतलो का आपण, आणि बाय म्हणाली की होय, रुतलो, तू चहा पिऊन ये. आम्ही दोघं म्हातारी माणसं एका खोट्या समुद्राचं पाणी चढायची वाट बघत बसलो. माझी चुळबुळ चालली होती. बाय पडद्याकडे तोंड करून, हात मांडीवर ठेवून बसली होती.

“खेकडे इले काय?”

“इले.”

“खंयच्या अंगान?”

अकरा वेळा रुतलो होतो तिथं, पण हे कधी बघितलं नव्हतं. मी पुढं वाकून नीट बघितलं.

“डाव्या,” मी म्हटलं. “चिखलातून वर येतत. एक मोठो आसा, दोन बारके.”

“पुढे सांग,” ती म्हणाली. पाणी चढायला अजून बराच वेळ होता.